मंजूर केलं एक, बाहेर पडलं दुसरंच

आमच्या वाडीच्या जाखडी मंडळाचा आठ गाण्यांचा अल्बम गेल्या श्रावणात ऑनलाइन आला आणि त्यातलं चौथं गाणं चुकीचं आलं. चुकीचं म्हणजे भलत्या कुणाचं नव्हे. शाहीर आमचेच, ढोलकी आमचीच, कोरसमधली बेसूर पोरंही आमचीच. फक्त आम्ही सगळ्यांनी ऐकून, माना डोलवून जे व्हर्जन पक्कं केलं होतं ते राहिलं बाजूला आणि त्याच्या आधीचं, रद्द केलेलं व्हर्जन जगापुढे गेलं. सात सेकंदांनी लहान आणि दोन ओळींनी वेगळं. त्या दोन ओळींपायी जे सव्यापसव्य करावं लागलं ते लिहून ठेवतेय. गुहागर, संगमेश्वर, लांज्याकडे आता मंडळामागून मंडळं गाणी ऑनलाइन टाकतायत, त्यांतल्या कुणाच्याही वाट्याला ही भानगड येऊ शकते.

मी पतसंस्थेत नोकरी करते. मंडळात माझ्याकडे हिशेब, बॅनरचं शुद्धलेखन आणि 'ताईला विचारा, तिला ऑनलाइनचं कळतं' या सदरात मोडणारं बाकीचं सगळं. गाणारे माझे काका.

जाखडी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पायात चाळ बांधून पोरं गोल फेर धरतात, मधे शाहीर, ढोलकीवाला, झांजवाला बसतात. दोन मंडळं समोरासमोर आली की तो शक्ती-तुऱ्याचा सामना. शक्तीवाले आदिमायेचं थोरपण गाणार, तुरेवाले शंकराचं. आधी गण, मग गवळण, आणि मग ज्यासाठी लोक पहाटेपर्यंत जागतात ते सवाल-जवाब. त्यात पुराणातली कोडी असतात आणि समोरच्या शाहिराला काढलेले चिमटेही असतात. चिमटा नसला की प्रेक्षक उठून चहाला जातात. परळच्या दामोदर नाट्यगृहात चाकरमान्यांसाठी असे कितीतरी सामने झाले, तिथे शिट्ट्या पडायच्या त्या कोड्यांना नाही, चिमट्यांना.

काका शक्तीवाले. त्यांचे जुने जोडीदार म्हणा किंवा वैरी म्हणा, ते खाडीपलीकडे दापोली तालुक्यात राहतात. तुरेवाले. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो. एका सामन्यात काकांनी नानांवर ओळी टाकल्या होत्या:

खाडीपल्याडचा शाहीर आला, होडी चिखलात रुतली रं,
ढोलकी घेतली खांद्यावरती, विद्या घरीच सुटली रं.

लोकांनी त्या डोक्यावर घेतल्या. नानांनी बसल्या जागी उत्तर जुळवून फेकलं, तेही लोकांनी डोक्यावर घेतलं आणि उजाडल्यावर दोघं एकाच कागदावर भजी खात बसले होते. अल्बम करायचा ठरला तेव्हा हे गाणं यादीत पहिल्यापासून होतं. रेकॉर्डही झालं, याच ओळींसकट.

मग पौषात नानांना अर्धांगाचा हलका झटका आला. हातपाय सावरले, बोलणं जवळजवळ पूर्वीसारखं झालं, पण गाताना मधेच ओळ हरवायला लागली. आणि आमच्या गाण्यात काय, तर 'विद्या घरीच सुटली'. काका कुणाला काही न बोलता एकटेच चिपळूणला गेले आणि त्या जागी या ओळी गाऊन आले:

खाडीपल्याडचा शाहीर आला, भरतीची वेळ ही साधली रं,
तुऱ्याचा मान राखून सांगतो, शक्तीनं गाठ ही बांधली रं.

मला विचाराल तर कवित्व म्हणून ही जोडी अगदी सपक आहे. पण तेव्हा कवित्वाचं कुणाला पडलं नव्हतं.

आता चूक कशी झाली ते सांगते, कारण ती समजायला मलाच वेळ लागला. स्टुडिओ चिपळुणात, एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर. पूर्वी तो तळमजल्याला होता. २२ जुलै २०२१च्या पुरात मालकाचं सगळं पाण्यात गेलं, दहा-बारा वर्षांची रेकॉर्डिंगं हार्ड डिस्कसकट. तेव्हापासून तो प्रत्येक कामाच्या चार ठिकाणी प्रती ठेवतो: लॅपटॉपवर एक, मोठ्या कॉम्प्युटरवर एक, एक डिस्क घरी, एक सासुरवाडीला. चिपळुणात पूर पाहिलेला माणूस असंच करणार, त्याला नावं ठेवायची माझी हिंमत नाही. पण गाणं बदललं की चारही ठिकाणी बदलावं लागतं.

काकांच्या नव्या ओळी म्हणजे पॅच. सगळं गाणं पुन्हा गायचं नाही. ढोलकी, झांज, चाळ, कोरस तसंच ठेवायचं, जुन्या दोन ओळींचा आवाज बंद करायचा आणि तिथे नवा तुकडा बसवायचा. चाळ कसा रेकॉर्ड केला ते बघण्यासारखं होतं. गोल फेर धरायला तिथे जागा कुठली? शेवटी एका पोराला प्लायवूडच्या फळीवर उभं केलं, पायात चाळ बांधला, कानाला हेडफोन लावला आणि एसी बंद करून त्याला एकट्याला अख्खं गाणं नाचायला लावलं. घुंगरू वाजायचे, पण फळी जास्त वाजायची. मग फळीखाली गोधडी घातली. घामाने निथळलेला तो पोरगा काचेपलीकडून आमच्याकडे असा बघत होता की आम्हाला हसूही येईना.

तर पॅच बसला लॅपटॉपवरच्या प्रतीत. नवीन ओळींनंतर ढोलकीचा एक तुकडा वाढवला, त्यामुळे गाणं झालं ५ मिनिटं ३८ सेकंदांचं. त्याच्यावरून काढलेली एमपीथ्री व्हॉट्सॲपवर आली, ती आम्ही काकांच्या ओटीवर बसून ऐकली, ढोलकीवाल्याने झांज जास्त लागते अशी कुरकुर केली, आणि होकार कळवला. हा होकार कशाला? तर त्या एमपीथ्रीला. दुकानांत, म्हणजे गाण्यांच्या ॲपवर, एमपीथ्री सहसा जात नाही. तिथे वेव फाइल लागते, निदान ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट. तिचं वजन मिनिटाला दहा एमबीच्या वर, म्हणजे आमचं हे एक गाणं साठेक एमबी. एवढी जड फाइल कोणी व्हॉट्सॲपवर फिरवत नाही. ती स्टुडिओतून थेट वितरकाच्या, म्हणजे गाणी या ॲपवर पोहोचवणाऱ्या कंपनीच्या, साइटवर चढते. आणि मास्टरिंगचं, म्हणजे आवाजावर शेवटचा हात फिरवायचं, सॉफ्टवेअर होतं मोठ्या कॉम्प्युटरवर, जिथली प्रत पॅचच्या आधीची होती. फाइलच्या नावात दोन्हीकडे 'फायनल' होतंच.

म्हणजे मंजुरीची फाइल एक आणि पाठवायची फाइल दुसरी. हा दुहेरी रस्ता सगळीकडे असाच आहे आणि मंडळं पहिल्याच रस्त्यावर उभी असतात. दुसऱ्यावरून काय गेलं ते प्रसिद्ध होईपर्यंत कुणाला दिसत नाही.

आम्हाला ते कळलं कौतुकातून. नालासोपाऱ्याच्या आतेभावाचा मेसेज आला, 'कडक! होडी रुतलीवाली ओळ ठेवलीत, मानलं काकांना.' मी काउंटरवर होते, समोर एक आजी पासबुक घेऊन. त्यांचं काम उरकलं, इयरफोन लावले आणि थेट त्या जागेवर गेले. होडी रुतलेली होती. गाण्याखाली वेळ दिसत होती, ५:३१. नुसती वेळ जरी कुणी ताडून बघितली असती तरी हे थांबलं असतं. ती कोण बघणार? वितरकाकडे गाणं गेलं की तिथलं यंत्र बघतं ते फाइलचा प्रकार, नावाचं स्पेलिंग, कव्हरचा चौकोन. गाणं ऐकायचं काम कुणाकडेच नसतं. ऑक्टोबर २०१४मध्ये टेलर स्विफ्टच्या नावावर 'ट्रॅक ३' म्हणून आठ सेकंदांची नुसती खरखर कॅनडाच्या आयट्यून्सवर चुकून विक्रीला लागली होती आणि लोकांनी ती विकत घेऊन पहिल्या नंबरवर नेली. तिथे ही कथा, तर आमच्या चार ढोलकीवाल्यांचं काय.

स्टुडिओतल्या रेकॉर्डिस्टला फोन लावला. आधी तो म्हणाला, तुमच्या फोनमध्ये जुनी फाइल असेल. मग म्हणाला, ॲपचा घोळ असेल. मग बराच वेळ माऊसची टिकटिक ऐकू आली आणि तो म्हणाला, "ताई, खरं सांगू? एवढं कोणाच्या लक्षात येणार आहे?"

लक्षात न येण्याबद्दल तो अगदीच चुकीचं बोलत नव्हता. जॅझवाल्या माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' हा अल्बम १९५९चा. त्याच्या पहिल्या बाजूची तिन्ही गाणी घेताना टेपचं मशीन किंचित हळू चाललं होतं, त्यामुळे तबकडीवर ती किंचित जलद आणि चढ्या सुरात वाजत राहिली. जगाने ती तशीच तीस वर्षांहून जास्त ऐकली. बरोबर वेगाची आली १९९२मध्ये, तीही त्या दिवशी दुसऱ्या मशीनवर घेतलेली राखीव टेप शाबूत होती म्हणून. पण सूर चढल्याने कुणाच्या घरी दुखावत नाही. आमच्याकडे एक आजारी माणूस आणि खाडीच्या दोन्ही तीरांवर त्याचे सोयरे.

आतेभावाने संध्याकाळी बीटल्स ऐकवले. 'प्लीज प्लीज मी'चं १९६३चं सिंगल निर्दोष आहे, पण त्याच वर्षीच्या एलपीच्या स्टिरिओ आवृत्तीत शेवटच्या कडव्यात जॉन लेननचे शब्द चुकतात आणि लगेच पुढे त्याला हसू फुटलेलं ऐकू येतं. काका लक्ष देऊन ऐकत होते. त्यांना शब्द कळले नाहीत, हसू कळलं.

"मग त्यांनी काय केलं?"

"काही नाही. ते तसंच राहिलं."

"मग आपण का धावतोय?"

"तो स्वतःच्या चुकीला हसला, काका. आपण नानांना हसतोय."

त्यांनी पानाचा डबा ओढला आणि मला म्हणाले, काढून टाक.

काढून टाक म्हणणं सोपं. पहिली अडचण, अल्बमचं खातं आमच्या नावावर नव्हतंच. स्टुडिओने आपल्या खात्यातून चढवला होता, त्यामुळे वितरकाच्या लेखी आम्ही कोणीही नाही. स्टुडिओच्या नावाने विनंती करायची तर ओटीपी रेकॉर्डिस्टच्या फोनवर, आणि तो नेमका संगमेश्वरकडे आतल्या गावात नमन या लोकनाट्याच्या रेकॉर्डिंगला, जिथे रेंज आंब्याच्या झाडाखाली येते. मी फॉर्म भरून बसायची, ओटीपीची मुदत संपायची, तो तासाभराने आंब्याखाली यायचा आणि सहा आकडे पाठवायचा. मग ते उपयोगाचे नसायचे.

विनंती पोहोचल्यावर उत्तर आलं: गाणं लाइव्ह झाल्यावर आतली ऑडिओ बदलता येणार नाही. अल्बम मागे घ्या, नव्याने चढवा. एका गाण्यासाठी आठही. आणि मग त्या उत्तरात खाली एक प्रश्न होता, ज्याच्याशी मी दोन रात्री झोंबले. नवीन फाइलला आयएसआरसी जुनाच ठेवायचा की नवा?

आयएसआरसी म्हणजे ध्वनिमुद्रणाचा बारा अक्षर-आकड्यांचा क्रमांक. आधी देशाची दोन अक्षरं, आपली आयएन, मग नोंदणीदाराची तीन, मग सालाचे दोन आकडे, शेवटी पाच आकडे. भारतात हे काम इंडियन म्युझिक इंडस्ट्री, आयएमआय, ही संस्था बघते. मुद्दा हा की क्रमांक गाण्याला मिळत नाही, ध्वनिमुद्रणाला मिळतो. तेच गाणं काकांनी दोनदा गायलं तर क्रमांक दोन. आमच्या पतसंस्थेच्या भाषेत, खातेदार एक असला तरी ठेव पावती प्रत्येक ठेवीची वेगळी. नियमाने बघता पॅच मारलेलं गाणं म्हणजे वेगळी पावती, नवा क्रमांक.

पण नवा क्रमांक घेतला की त्या गाण्याचा ऐकण्याचा आकडा शून्यावर येतो. जुना ठेवला तर आकडा टिकण्याची शक्यता असते, तीही नाव, कलाकार, लांबी सगळं जुळलं तर. आमची लांबीच जुळत नव्हती. वाडीतल्या पोरांचं म्हणणं, जुनाच टाक, कोण बघतंय, एवढे व्ह्यू जातील. रेकॉर्डिस्टचंही तेच. मी नवा घेतला. एक तर 'कोण बघतंय' हे वाक्य तोवर माझ्या डोक्यात गेलं होतं. दुसरं, पुढेमागे पैसे त्या क्रमांकावरच मोजले जातात, आणि एका पावतीवर दोन ठेवी दाखवल्या की काय होतं ते मी रोज नोकरीत निस्तरते. बाकीच्या सात गाण्यांचे क्रमांक जुनेच दिले, त्यांच्यात बदल नव्हता.

मागे घेण्याची विनंती गेली. आता दुकानं आपापल्या सवडीने गाणं काढणार होती. तोवर नानांना भेटून यावं असं काकांनी ठरवलं. फोनवर माफी मागायची नाही म्हणाले.

धोपाव्याहून दाभोळला जंगलजेटी, म्हणजे गाड्या नेणारी फेरीबोट, जाते. दुपारची वेळ, पाऊस थांबून थांबून. बोटीवर एक टेम्पो, दोन-तीन गाड्या आणि मधल्या फटींत बाइका. काका कठड्याला धरून उभे, धोतराचा सोगा हातात. आमच्या शेजारी एक पोरगा मोबाइलवर मोठ्याने रील बघत होता आणि त्यात तीच ओळ लागली. होडी चिखलात रुतली रं. काकांनी तोंड फिरवलं. खाडी भरलेली होती, रुतायला चिखल कुठेच दिसत नव्हता.

नाना पडवीत खुर्चीवर बसले होते. अंगात स्वेटर, श्रावणात. काकांना बघून उठायला गेले, काकांनी खांद्याला धरून बसवलं. चहा आला, घावणे आले, भाताची चौकशी झाली, कुणाच्या लग्नाचं कुठे जमलं ते झालं. काका मुद्द्यावर येईनात. शेवटी मीच सांगितलं की नाना, गाण्यात ती ओळ चुकून आली, काकांनी तुमच्यासाठी बदलली होती, नवीन ओळी आहेत, जुनं काढायला सांगितलंय.

"बदललीस?" नाना काकांकडे बघत म्हणाले. "काय केलीस?"

काकांनी नव्या ओळी म्हणून दाखवल्या. चाल न लावता, नुसत्या.

नाना थोडा वेळ गप्प राहिले. मला वाटलं, शब्द शोधतायत. मग त्यांनी हातातली बशी खाली ठेवली.

"होडी रुतली म्हणालास ते मी भर सभेत ऐकलं आणि तिथेच फेडलं. आता माझा मान राखतोस होय रं? मी काय मेलोय?"

पुढे जे झालं त्याची मी तयारी केली नव्हती. नानांचा नातू आतून फोन घेऊन आला. त्यांच्या घरात ते गाणं पहिल्या दिवसापासून वाजत होतं. नाना म्हणे रोज रात्री ऐकतात आणि उत्तर जुळवतात, नातू वहीत उतरवून घेतो. ओळ हरवली की वहीत बघतात. दोन कडवी झाली होती, तिसरं अडलं होतं. आणि आम्ही सवालच मागे घ्यायला निघालो होतो.

"सवालच काढून टाकलास तर मी जवाब कुणाला देऊ? त्या भरतीला?" नाना म्हणाले. 'भरतीची वेळ' त्यांना भलतीच झोंबली होती. नानी आतून ओरडल्या, "पूर्वी पिक्चरात एक गाणं असायचं नि तबकडीवर एक, कोण मेलं होतं का त्यानं?" नानींचं बरोबर होतं. ७८ च्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावायची, म्हणून पडद्यावरच्या गाण्याचं कडवं तबकडीवर गाळलेलं असायचं आणि लोक दोन्ही ऐकायचे.

परतताना बोटीवर मी काकांना विचारलं, विनंती थांबवायचा प्रयत्न करू का? खरं तर ती थांबणार नव्हती, पण विचारलं. काका म्हणाले, "मी स्टुडिओत जाऊन जे गायलो ते यायला पाहिजे. त्याला आवडो नाहीतर न आवडो." मला त्यांचं पटलं. नानांना चूक आवडली म्हणून ती चूक नव्हती असं होत नाही. आम्ही पैसे मोजून, होकार देऊन एक गाणं पाठवलं होतं, दुसरं आलं होतं. नानांचं म्हणणंही खरंच होतं, पण ते या गाण्याबद्दल नव्हतं, त्या दोघांबद्दल होतं.

दरम्यान दुकानं आपल्या चालीने चालली होती. एका ॲपवरून अल्बम रातोरात गेला. दुसऱ्यावर नाव दिसायचं पण दाबलं की राखाडी. तिसऱ्यावर तो गणपतीपर्यंत धडधडीत वाजत राहिला. ज्यांनी ॲपमध्ये डाउनलोड केला होता त्यांचा गेला, ज्यांनी कुठल्यातरी साइटवरून एमपीथ्री ओढून व्हॉट्सॲपवर फिरवला होता त्यांचा कुठे जाणार? शृंगारतळीच्या बाजारात पेनड्राइव्ह भरून देणाऱ्याकडे तो होताच. आणि चाकरमान्यांनी त्या ओळीवर केलेल्या रील्स एकेक करून मुक्या झाल्या. ऐन गणपतीत मला फोन: "ताई, आवाज कुठे गेला?" प्रत्येकाला सगळी कथा कोण सांगणार. 'तांत्रिक अडचण' म्हणून सुटका करून घेतली.

नव्याने चढवताना मी एकच अट घातली. व्हॉट्सॲपची प्रत ऐकणार नाही. वितरकाच्या साइटवर चढलेली जी फाइल आहे तीच तिथून उतरवून ऐकणार, आठही गाणी, पुढे न सरकवता, समोर काकांच्या हातची वही ठेवून. रेकॉर्डिस्ट वैतागला, पण त्याने लॅपटॉप दिला. चौथं गाणं नीट होतं, ५:३८, भरतीसकट. पण पहिल्या गाण्यात, गणात, ढोलकीची पहिली थाप अर्धी कापली गेलेली. धड आवाज नाही, नुसता फट्. हे सगळ्या प्रतींत तसंच होतं आणि फोनच्या स्पीकरवर कुणालाच कळलं नव्हतं. गणाचीच सुरुवात मोडकी, बघा आता. तीही दुरुस्त केली. आठ गाणी ऐकायला पाऊण तास लागतो, फार नाही. कुणी ऐकत का नाही, ते ऐकताना कळतं: चौथ्या वेळी ऐकलेलं स्वतःच्या मंडळाचं गाणं कान ऐकतच नाही, आठवणीतून वाजवतो. म्हणून ओळ वाचत बोट फिरवावं लागतं.

बरोबर अल्बम गौरी आल्या त्या दिवशी दिसायला लागला. कुणी विशेष दखल घेतली नाही. खळ्यात रात्री पोरं नाचली ती काकांच्या जिवंत गाण्यावर, आणि तिथे काकांनी जुनीच ओळ गायली. मी बघत राहिले तर मला म्हणतात कसे, "हा सामना आहे, ती सीडी." सीडी हा शब्द त्यांच्या तोंडून जात नाही.

मग दिवाळीच्या सुमाराला नानांच्या नातवाचा फोन आला. तिसरं कडवं झालं होतं. त्यांना जवाब रेकॉर्ड करायचा होता, नानांच्या आवाजात, ओळीओळीने, जमेल तसा. पण जवाबाआधी सवाल हवा, आणि तो होडीवालाच हवा. काकांनी बरेच आढेवेढे घेतले आणि हो म्हटलं. तेव्हा ते मागे घेतलेलं व्हर्जन आम्ही रीतसर पुन्हा काढलं, सुटं गाणं म्हणून, त्याच्या त्याच्या जुन्या क्रमांकावर, कारण ध्वनिमुद्रण तेच. वितरकाच्या फॉर्ममध्ये गाण्याच्या नावाखाली व्हर्जनचा एक रकाना असतो. पहिल्या वेळी रेकॉर्डिस्टने तो कोरा सोडला होता, बहुतेक सगळे कोराच सोडतात. आता त्यात काय लिहायचं यावर फोनवर दोन्ही शाहिरांचं जुंपलं. नाना म्हणे 'अस्सल' लिही. काका म्हणाले, मग माझं दुसरं नकली काय? अर्धा तास गेला. मी 'सामना' लिहिलं आणि सबमिट दाबलं.

जवाबाचं रेकॉर्डिंग शिमग्यानंतर आहे. रेकॉर्डिस्ट तोच. मी त्याला आधीच सांगून ठेवलंय की खातं यावेळी मंडळाच्या नावावर आणि ओटीपी माझ्या फोनवर.